तिसरी वाटी

लुव्सानला सगळं कळत होतं. कळलं नाही म्हणायला तो काही दूधखुळा नव्हता. गोबी वाळवंटाच्या कडेला पन्नास हिवाळे काढलेला माणूस!

झालं होतं असं, की ऐन कडाक्यात तीन दिवस ऊन पडलं, बर्फ वितळलं आणि चौथ्या दिवशी पुन्हा गोठून अख्ख्या माळावर काचेसारखा थर बसला. गवत खाली अडकलं. मेंढीच्या खुराने हा थर फुटत नाही, घोड्याच्या टापेने फुटतो. म्हणून घोडे पुढे घालायचे आणि त्यांच्यामागून मेंढ्या चारायच्या. पण फुटलेल्या बर्फाच्या कडा घोड्यांचे पाय फाडतात, आणि लुव्सानचे चाळीस घोडे म्हणजे त्याचा जीव की प्राण. टेकडीपलीकडे त्याची थोरली बहीण यांजमा राहायची. नवरा गेलेला, मेंढ्या दोनशे आणि घोडा एकच, तोही म्हातारा.

नव्या वर्षाच्या सणाला तो तिच्या तंबूत गेला. थोरल्यांना भेटायच्या रीतीप्रमाणे तिची कोपरं खालून तोलून धरली.

"जनावरं सुखात ना, ताई?"

"सुखात रे बाबा, अगदी सुखात."

सणाला दुसरं उत्तर नसतंच. अंथरुणाला खिळलेला माणूसही 'ठणठणीत' म्हणतो. खरं काय ते तिसऱ्या वाटीला, चहा पोटात गेल्यावर, हळूच निघतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लुव्सान दोन वाट्या पिऊन उठला.

"अजून एक घे ना रे," किटली हातात धरून ताई म्हणाली. "अगदी घोड्यावर बसून आल्यासारखा काय करतोस?"

"घोड्यावरच तर आलोय!"

दोघं हसली.

"नको ताई, अंधार पडेल."

बाहेर भर दुपार होती.

घरी बायकोने, खोर्लोने विचारलं, "काय म्हणाल्या ताई?"

"सुखात म्हणाली."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत! वेड पांघरून पेडगावला जायची तुमची ही खोड!"

"हवं असतं तर मागितलं असतं तिनं."

"थोरल्या बहिणीनं धाकट्यापुढे हात पसरायचे होय?" खोर्लो म्हणाली.

दहा दिवस तो घोड्यांना खरारा करत राहिला. जेवण गोड लागेना. आपण केलं ते वाईट केलं, हे त्याला रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायचं. अकराव्या दिवशी त्याने सगळे घोडे हाकले आणि टेकडी ओलांडली.

कुंपणाला लागून मेलेल्या मेंढ्या सरपणासारख्या रचल्या होत्या. पंधरा-वीस दणकट तेवढ्या उभ्या होत्या. यांजमा एकीचं कातडं सोलत होती.

"ताई, घोडे आणलेत," तो म्हणाला. बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तिने वर पाहिलं. पुढच्या घोडीचे पाय रक्ताने माखले होते.

"अगं बाई, हिचे पाय बघ!"

ती लगबगीने आत गेली आणि अशक्त मेंढ्यांना थंडीत घालायला शिवलेल्या लोकरीच्या झुली घेऊन आली. सुरीने एकेक टाका उसवला, गुडघ्यांवर बसली आणि घोडीच्या पायाला पट्टी गुंडाळू लागली.

"ताई, राहू दे गं. मला बोल काहीतरी. शिव्या दे."

"पाय धर तिचा, हलतेय ती."

"अगं, पण या झुली मेंढ्यांच्या..."

"कुणाला घालू आता?" म्हणत तिने दुसरा पाय पुढे ओढला.