दुभाषीबाईंचे स्टूल

मी एक जुने स्टूल आहे. दवाखान्यातले, तीन पायांचे, पाठ नसलेले. आणि खरे सांगायचे तर फार भित्रे. मित्रांनो, लाकडाला कसली भीती, असे तुम्हाला वाटेल. पण ज्या खोलीत माणसे जीव मुठीत धरून येतात, तिथे वर्षानुवर्षे उभे राहून पाहा, म्हणजे कळेल.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. चौथा पाय का नाही, असे गिऱ्हाइकाने विचारले, तेव्हा तो म्हणाला, फरशी कशीही असो, तीन पायांचे डुगडुगत नाही. मग मला पांढरा रंग लागला आणि मी डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत आले.

डॉक्टर एक भाषा बोलत आणि बरेचसे पेशंट दुसरी. कामासाठी लांबून आलेली माणसे होती ती. सुरुवातीला त्यांच्यासाठी शेजारीपाजारी बोलत. एक शेजारीण तर डॉक्टरांचे ऐकून पेशंटच्या आधी स्वतःच रडायला बसे. मग रडणे थांबेपर्यंत पेशंटचा जीव टांगणीला.

पुढे दुभाषीबाई आल्या. त्यांना दोन्ही भाषा घरच्यासारख्या येत. त्यांनी पहिल्या दिवशी मला उचलले आणि पेशंटच्या खुर्चीच्या अर्धे पाऊल मागे ठेवले. डॉक्टरांनी पेशंटकडे बघायचे, पेशंटने डॉक्टरांकडे. मधे आपण यायचे नाही, ही त्यांची रीत. आणि पेशंट ‘मला’ म्हणाला की बाईही ‘मला’च म्हणत. एकदा त्या खणखणीत आवाजात “माझ्या छातीत कळ येते” म्हणाल्या, तेव्हा नव्या नर्सने त्यांनाच हात धरून पलंगावर झोपवायला घेतले होते. त्या दिवशी पेशंटही हसला.

पण हसू क्वचितच. डॉक्टरांनी आवाज खाली घेतला की बाईंच्या टाचा माझ्या आडव्या दांडीला घट्ट अडकत. पेशंटला कळण्याआधी मला कळे, की आता काहीतरी वाईट येणार. तरी बाई सगळे सांगत. सगळेजण त्यांची वाहवा करत.

एकदाच त्यांनी सांगितले नाही.

नळदुरुस्ती करणारे एक काका होते. त्यांची बायको आतल्या वॉर्डात होती. खोलीत शिरण्याआधी, दारातच त्यांनी बाईंना विनवले, की काही वाईट असेल तर जरा सांभाळून सांगा, माझ्यात बळ नाही. ते खुर्चीत बसले तेही कडेला, अर्धे उठल्यासारखे. डॉक्टर बोलले. टाचा दांडीला अडकल्या. आणि बाई म्हणाल्या, “तब्येत नाजूक आहे. जपायला हवं.”

डॉक्टरांचे बोलणे लांब होते आणि बाईंचे एवढेसे. काकांना ते जाणवले नाही. त्यांनी दोघांचे आभार मानले. दुसऱ्या गावी चार दिवसांचे काम होते, तिकडे ते गेले. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको गेली. मोठ्या सिस्टरने ही बातमी खोलीत सांगितली, तेव्हा बाई माझ्यावर बसल्या होत्या. त्यांच्या टाचा पुन्हा दांडीला अडकल्या.

वर्ष गेले. मग दवाखान्याने पत्रक काढले, की यापुढे वैद्यकीय दुभाष्यांच्या संघटनेचा सभासद असेल त्यालाच इथे बसता येईल. बाईंनी अर्ज आणला आणि माझ्यावर बसून भरायला घेतला. नाव, भाषा, अनुभव हे झाले. शपथही वाचली. काही गाळणार नाही, काही घालणार नाही, काही बदलणार नाही. त्याखाली प्रश्न होता, की आजवर आपल्याकडून काही गाळले गेले आहे का, आणि ज्यांचे त्यामुळे नुकसान झाले त्यांना आपण ते सांगितले आहे का.

तीन दुपारी तो अर्ज तिथेच अडला. बाई पेन उघडून बसत आणि पुढचा पेशंट आला की अर्ज घडी करून ठेवत. ‘होय’ लिहावे तर पोटापाण्याचे काम जाणार. त्याहून मोठी भीती काकांसमोर उभे राहण्याची.

“अगं, ‘नाही’ लिही आणि मोकळी हो,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “संघटनेला काय स्वप्न पडणार आहे?”

बाईंनी पेन बंद केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना निरोप पाठवला.

डॉक्टर जेवायला गेले होते तेव्हा काका आले. हाताला ग्रीस, खांद्याला हत्यारांची पिशवी. बाईंनी मला पहिल्यांदाच काकांच्या खुर्चीसमोर ओढले आणि अर्जातल्या प्रश्नासकट सगळे सांगितले. काकांनी पिशवी खाली ठेवली. आतला लोखंडी पाना वाजला आणि मी टरकले.

“मीच म्हणालो होतो ना, सांभाळून सांगा?” काकांनी विचारले.

“हो. पण डॉक्टर बोलले ते तुमचं होतं, काका. ते ठेवून घेणारी मी कोण?”

“ती म्हणत होती, जाऊ नका. मी म्हटलं, बाई नाजूक म्हणाल्यात, म्हणजे आहे अजून वेळ.” त्यांनी ग्रीसचे हात पँटला पुसले. “माफ केलं असं मी म्हणणार नाही. तोंडातून निघत नाही ते.”

“मागतही नाही मी.”

“मग आता सांगा. त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते. जसंच्या तसं.”

बाई उठल्या. त्यांनी मला काकांच्या खुर्चीच्या मागे, अर्धे पाऊल अंतरावर ठेवले आणि बसल्या. समोर डॉक्टरांची खुर्ची रिकामी होती. काका तिच्याकडे बघत राहिले.

“तुमच्या पत्नीकडे आता आठवडाभर आहे,” बाई म्हणाल्या. “कदाचित त्याहून कमी. त्यांना दुखू नये ही जबाबदारी माझी. तुम्ही कामाला जाऊ नका. त्यांच्याजवळ बसा. पुढे त्या बोलेनाशा झाल्या, तरी त्यांना सगळं ऐकू येईल.”

“ऐकू येत होतं?” काकांनी विचारले.

“हो,” बाई म्हणाल्या. “तसं म्हणाले होते.”

काकांनी पिशवी खांद्याला लावली. दारात म्हणाले, “लिहा तुमच्या कागदावर. सांगितलंत म्हणून.”

बाईंनी ‘होय’ लिहिले, दोन्हीला. संघटनेचे उत्तर येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. उत्तरात लिहिले होते, की सहा महिने एक अनुभवी दुभाषीबाई तुमच्या शेजारी बसून ऐकतील, मग सभासदत्व मिळेल. बाईंनी ते पत्र दोनदा वाचले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

आता खोलीत चाकांच्या खुर्च्या आल्या आहेत. मी जिन्याखाली आहे, एका मोडक्या पलंगाशेजारी. माझा रंग उडाला आहे, दांडी ढिली झाली आहे. कधी सरपणात जाईन, ही धास्ती असतेच. मित्रांनो, जुन्या वस्तूला एखादा खिळा ठोकाल तर ती अजून थोडी चालेल. माझे तेवढेच मागणे आहे.

दुसरे मागणे माझ्यासाठी नाही. कुणासाठी सांगितलेले बोलणे तुमच्या हाती आले, तर ते कितीही जड असो, पुरते पोचवा. भीती वाटेल. मलाही वाटायची. पण ऐकणाऱ्याला जाऊन कुणाजवळ तरी बसायचे असते.