टेकडीचा कान

पायलला हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं, लायसन मिळालं तेव्हा तिच्या सासूनं, शालननं, अख्ख्या बिबवेवाडीत पेढे वाटले. परीक्षा कसली होती ते तिला विचारू नका. चौथीत शाळेनं तिला सोडलं की तिनं शाळेला, हा वाद अजून मिटलेला नाही. सून पास झाली, एवढं कळलं की झालं.

पण सुनेचा आवाज काही कुठं पोचेना. गावातल्या हॅम क्लबचा रिपीटर टेकडीवर. तो फ्रिक्वेन्सीच्या एका आकड्यावर ऐकतो आणि तेच दुसऱ्या आकड्यावर गावभर सांगतो. सांगायचा आकडा सगळ्यांना ठाऊक. ऐकायचा मात्र सेक्रेटरी अनंतरावांच्या पोटात, आणि जुन्या सभासदांना तो फोडायची बंदी. पायलनं फोन केला तर म्हणाले, "ज्याला यायचंय तो शोधून येतो. आम्ही काय चिठ्ठ्या वाटायला बसलोय?" वर दम दिला : रविवारी सकाळी आठला रेडिओवर सभासदांची हजेरी होते, तीत आवाज आला नाही, तर क्लबच्या पूरपथकातली तिची जागा दुसऱ्याला.

ऐकायचा आकडा एरवी सांगायच्या आकड्याच्या सहाशे किलोहर्ट्झ खाली असतो. पायलनं तो लावून पाहिला. टेकडी ठार बहिरी.

"त्यांच्या घराखाली उभं राहिलं तर त्यांचा आवाज टेकडीवर जायच्या आधीच पकडता येईल, आई. इथवर तो येत नाही."

"मग इथं काय बसलीस? काढ गाडी."

रविवारी आठला दोघी सदाशिव पेठेत, अनंतरावांच्या इमारतीखाली. पहिल्या मजल्याच्या खिडकीत अनंतराव, हातात माइक. पायलच्या हातातला रेडिओ सेट खालच्या बाजूचा एकेक आकडा चाचपत पळत होता. पण हा माणूस शब्दसुद्धा मोजून खर्च करणारा. "ठीक. पुढचे." की बटण सोडलं. सेट तिथवर पोचायच्या आत सगळं गप्प.

हजेरी संपत आली. पायल रडकुंडीला आली. "मिनिटभर सलग बोलायला काय होतं यांना!"

शालननं स्कूटर ढकलत नेली आणि इमारतीच्या गेटसमोर आडवी लावली.

"आई, ते ओरडतील!"

"ओरडू दे की. चाळीस वर्षं तुझ्या सासऱ्याला बघतेय. पुरुष तापला की हातात असेल ते घट्ट आवळतो."

"अहो बाई!" खिडकीतून तोफ सुटली. माइक मुठीत, बटण दाबलेलं. "आपल्याला गेट दिसत नाही का?"

"हे गेट होय? मला वाटलं भंगार काढून ठेवलंय."

झालं. अनंतराव नागरिकशास्त्रात शिरले. रस्ता, शिस्त, संस्कार, पेठेत शिरलेले बाहेरचे लोक. टेकडीनं इमानेइतबारे सगळं पुणेभर पोचवलं. आणि पायलचा सेट थांबला. त्यातूनही नागरिकशास्त्रच.

"सापडला!" पायल किंचाळली. "एकशे चव्वेचाळीस पॉइंट चारशे पंचवीस!"

अनंतराव श्वास घ्यायला थांबले आणि बटण सुटलं. पायलनं लायसनवरचं आपलं कॉलसाइन खणखणीत सांगितलं. "पायल, बिबवेवाडी. हजर."

टेकडीवर जाऊन आलेला तो आवाज वरच्या खिडकीतल्या स्पीकरमधून बाहेर पडला. मागोमाग हजेरीतलं कुणीतरी हसत म्हणालं, "वेलकम ताई! सेक्रेटरी, भाषण छान झालं."

अनंतरावांनी माइककडे पाहिलं, मग खाली पाहिलं. वहीत काहीतरी खरडलं.

"नोंद घेतली," ते खिडकीतून म्हणाले. "आता तरी गाडी काढा."

"असं खिडकीतून काय ओरडताय?" शालन म्हणाली. "रीतसर रेडिओवर सांगा. आमची सून उत्तर देईल."