खंडेनवमीला पूजलेली काचनळी

मी काचेची एक म्हातारी नळी आहे, मित्रांनो. पण माझ्यात पाणी साठवायला जाल तर फसाल. टाकणखार घालून माझी काच केली, ती भट्टीत खूप वेळ तापवली आणि मग मला आम्लात बुडवलं. आम्लानं माझा एक भाग विरघळवून नेला. मागे राहिली डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं. त्या छिद्रांमुळेच मला काम मिळालं.

तेव्हा साठीचं दशक नुकतंच लागलं होतं. मुळशीकडच्या भरे गावची जया पुण्याच्या कॉलेजात शिकत होती. वायू घन पदार्थातून कसे झिरपतात, हे ती माझ्यावर अभ्यासत असे. माझं एक तोंड बंद होतं, दुसऱ्याखाली पाण्यात बुडवलेली बारीक नळी जोडलेली. आत हायड्रोजन भरला, की तो हलका गडी माझ्या अंगातून बाहेर धूम ठोके आणि त्याच्या रिकाम्या जागेत पाणी सरसर वर चढे. जड वायू मात्र रमतगमत निघत.

जयाला वडील नव्हते. चुलते हैबतराव कर्ते. यंदा काम पुरं झालं नाही तर शिक्षण बंद, सोयरीक बघायची, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत, सरांच्या परवानगीनं, ती मला घरी घेऊन आली.

खंडेनवमीला तिची आई गोजराबाई यांनी नांगराचा फाळ, विळे, कोयते तेलानं पुसून पूजेला मांडले. लेकीचं हत्यार कसं वगळायचं? त्यांनी मलाही तेलाचा हात फिरवला, हळदकुंकू लावलं. मी सगळं पिऊन टाकलं. माझा जीव गुदमरला. पण खरं सांगू? इतक्या मायेनं मला कुणी कधी हात लावला नव्हता.

दुपारी जयानं जस्तावर आम्ल टाकून हायड्रोजन केला आणि माझ्यात भरला. पाणी हललं नाही. माझं पिवळं अंग तिनं बोटानं पुसून पाहिलं; तेलानं छिद्रं बुजली होती. हैबतराव म्हणाले, आता पुरे, दसरा झाला की पौडचं स्थळ बघू.

गोजराबाई दिरासमोर कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी पदर सावरून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, चूक माजी हाय. तिची सजा पोरीला देऊ नगा. तिला पुण्याला जाऊ द्या."

हैबतराव गोठ्याकडे निघून गेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पेटी एस.टी.पर्यंत त्यांनीच उचलून नेली.

कॉलेजात सरांनी मला भट्टीत सावकाश तापवलं. तेल, हळद जळून गेली, छिद्रं मोकळी झाली. जयाचं काम पुरं झालं, ती पासही झाली.

आता मी कपाटात धूळ खात पडून आहे. मित्रांनो, कुणाला जपायचं असेल तर त्याला काय सोसतं ते आधी विचारा. आणि जपता जपता चुकलात, तर गोजराबाईंसारखं पुढे होऊन बोला. माझी छिद्रं भट्टीनं उघडली खरी. पण ती आई गप्प राहिली असती, तर त्या छिद्रांचा जयाला काय उपयोग झाला असता?