हिवाळ्याची चटई

गोल्फ क्लबाच्या कॅप्टन लॉरिमरचा जोडीदार होण्यात मर्डो गेडिसचा फायदा उघड होता: मोसमाच्या पहिल्या सामन्यात सगळ्यांच्या आधी उतरायचा मान, जेवायला खिडकीजवळचं टेबल, आणि पुढेमागे क्लबाच्या कमिटीत खुर्ची. तोटा एकच, वॅटी पेट्री. पण इतक्या वर्षांच्या जोडीदाराला तोट्यात कोण धरतो?

"गुडघा दुखतो ना तुझा, यंदा आराम कर," मर्डोनं मार्चातच त्याला सांगून टाकलं.

"गुडघा माझा आणि कळ तुला?" वॅटी हसून म्हणाला. मर्डोही हसला, जरा जास्तच.

कॅप्टनची नजर मर्डोवर पडली ती हिवाळ्यातल्या खेळामुळे. स्कॉटलंडातल्या फाइफच्या किनाऱ्यावर थंडीत गवत जपायचं म्हणून प्रत्येकानं वीतभर चटई बरोबर ठेवायची आणि चेंडू तिच्यावरून मारायचा, असा नियम. चटई मोठी दयाळू. काठी चेंडूच्या मागे आपटली तरी घसरत पुढे जाते, आणि चेंडू झकास सुटतो. मर्डोला वाटलं, साठीत आपल्याला सूर सापडला.

एप्रिल लागला, चटया अडगळीत गेल्या आणि पितळ उघडं पडलं. काठी चेंडूआधीच जमिनीत रुतायची. ढेकूळ लांब उडायचं, चेंडू पायाशीच.

"बटाटे लावतोयस का रे?" बायको एल्सपेथनं विचारलं. "वॅटीकडे जा की. शिकवलं त्यानंच होतं."

मोसमाच्या या पहिल्या सामन्यात दोघांत चेंडू एकच, आळीपाळीनं मारायचा. मर्डोनं मातीत घातला तर काढायचा कॅप्टननं, तोही साऱ्या गावादेखत. मर्डो वॅटीच्या दारात गेला. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं गुडघ्याचं विचारलं, वाऱ्यावर बोलला, चहाचा दुसरा कपही संपवला.

"काठी आण गाडीतली," शेवटी वॅटीच म्हणाला.

परसात त्यानं मर्डोला पहिलीतल्या पोरासारखं उभं केलं. "मूठ सैल सोड, काठी पळून नाही जात. आणि सगळं वजन मागच्या पायावर का? पळायची तयारी आहे?" त्यानं चेंडूमागे भांडी पुसायचं फडकं टाकलं. "फडकं हललं की चूक."

आठवडाभर फडकं हललं. शुक्रवारी थांबलं.

"कॅप्टनला सांगू नकोस हं, मी इथं येतो ते," मर्डो म्हणाला.

वॅटीनं फडकं झटकलं. "मी कुठं भेटतोय त्याला? मला जोडीदार कुठाय?"

मर्डोनं काठी पिशवीत घातली.

शनिवारी पहिला फटका कॅप्टनचा. दुसरा मर्डोचा, गवतावरून, ओहोळापलीकडे, क्लबाच्या साऱ्या खिडक्यांसमोर. त्यानं डोळ्यांपुढे फडकं आणलं, वजन पुढच्या पायावर नेलं. चेंडू स्वच्छ उठला, ओहोळ ओलांडून झेंड्याजवळ थांबला. टाळ्या पडल्या.

"कुणाकडे शिकलास रे हे?" कॅप्टननं विचारलं.

"कुणाकडे नाही. हिवाळाभर चटईवर घासलं, बस."

बोलून वळला, तर दगडी भिंतीला टेकून वॅटी उभा. टाळ्या तोही वाजवत होता.

सामना जिंकला. मर्डोला टेबल मिळालं, पाठीवर थाप मिळाली, गरम सूप आलं. खिडकीतून त्याला वॅटी घराकडे जाताना दिसला. चढावरही तो लंगडत नव्हता. मर्डोनं चमचा खाली ठेवला.

सुपाचं बिल कॅप्टननं दिलं. बाकीचं सगळं वॅटीनं.