दादाचं बी

कामावर त्याला सगळे भिंगरी म्हणत. जेवणाच्या सुट्टीतही तो उभ्या उभ्याच खायचा. लिफ्ट दुरुस्तीला गेला, की सोबतचा माणूस हत्यारांची पेटी उघडेपर्यंत हा चार मजले चढून परत आलेला असायचा. अशा माणसाला डॉक्टरांनी दोन महिने घरी बसायला सांगितलं होतं.

उजव्या हाताची मधली दोन बोटं लिफ्टच्या छपरावरच्या पुलीत सापडली होती. बोटं वाचली, पण ती आता त्याला आपली वाटत नव्हती. नीट वाकत नव्हती, आणि गरम काय, गार काय, काही कळत नव्हतं. हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, हाताला बारीकसारीक काम द्या, कागद गुंडाळा, घड्या घाला. तो ऐकून घेई आणि घरी येऊन खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा फेऱ्या मारत राही.

कागदाचं काम घरात आयतंच निघालं. दरवर्षी थंडी ओसरायला लागली की त्याची बायको टोमॅटो, मिरची आणि वांग्याची रोपं करायची. घर तळमजल्यावर, मागे चार हात रुंदीची मातीची पट्टी. बी पेरायचे ट्रे तिच्या मोठ्या भावाकडे असायचे. बहीणभाऊ मिळून पेरायचे, रोपं अर्धी अर्धी वाटून घ्यायचे, आणि पुढच्या वर्षासाठीचं बी दादा धरून ठेवायचा. यंदाचं बी त्याने आधीच पाकिटांत घालून दिलं होतं. ट्रे मात्र तिने मागितले नाहीत.

"त्याच्या दाराशी मी जाणार नाही," एवढंच ती म्हणाली, आणि रद्दीतली वर्तमानपत्रं काढून जमिनीवर पसरली.

कारण तिच्या लेखी नवऱ्याचा हात दादामुळे गेला होता. दादा आणि भिंगरी एकाच कंपनीत होते. अकरा वर्षं दोघांची जोडी. नोकरीही दादानेच लावून दिलेली. अपघाताच्या दिवशी दादा वर मशीनरूममध्ये होता आणि भिंगरी लिफ्टच्या छपरावर. खालून भिंगरीने हाक द्यायची, वरून दादाने लिफ्ट हलवायची, अशी त्यांची पद्धत. हॉस्पिटलमध्ये तपासणी अधिकारी विचारायला आले तेव्हा भिंगरी म्हणाला, "मी थांबा म्हटलं होतं." दादा म्हणाला, मला तसं ऐकू आलं नाही, पण तो म्हणतोय तर म्हटलं असेल. त्या दिवसापासून दादाला मशीनरूममधून काढून गोदामात बसवलं होतं. आणि बहिणीने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

भिंगरीने थांबा म्हटलं नव्हतं. "दादा, घ्या खाली," असं म्हटलं होतं. मग पुलीपाशी एक चिंधी अडकलेली दिसली, आणि हा गडी कुठे धीर धरतोय, लिफ्ट जागीच रोखणारं लाल बटण न दाबताच त्याने हात घातला. हॉस्पिटलमध्ये गुंगीत, समोर कागदपेन घेऊन बसलेला अधिकारी पाहून तोंडातून ते वाक्य निघून गेलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही. मग बायकोने दादाचं नाव टाकलं, आणि ते वाक्य घरातल्या कपाटासारखं जिथल्या तिथे बसून गेलं.

बायकोने त्याला कुंडी करायला शिकवलं. वर्तमानपत्राचं पान उभं दुमडून पट्टी करायची, ती काचेच्या लहान बरणीभोवती गुंडाळायची, खाली उरलेला कागद चहूबाजूंनी आत मुडपून तळ करायचा, बरणी टेबलावर जोरात टेकवायची आणि मग फिरवत फिरवत बाहेर काढायची. डिंक नाही, दोरा नाही. गुळगुळीत रंगीत पानं घ्यायची नाहीत. कुंड्या उथळ खोक्यात एकमेकींना चिकटून उभ्या करायच्या, म्हणजे ओल्या झाल्यावर उलगडत नाहीत. ती दोन मिनिटांत एक करायची. त्याची पहिली कुंडी झाली पाऊण तासात, आणि माती घालताच तिचा तळ सुटला.

तरी आठवड्याभरात त्याने एकशेवीस केल्या. बायको सकाळी लाँड्रीत काउंटरवर जायची ती चारला परत यायची. तोवर घरात बरणी टेकवल्याचा ठक ठक आवाज चालू असायचा. वरच्या मजल्यावरच्या आजी एकदा विचारायलाही आल्या, की फर्निचर करून घेताय का.

बी पेरलं आणि त्याची खरी परीक्षा सुरू झाली. दुसऱ्या दिवशीच तो खोक्यांवर वाकून बसला. तिसऱ्या दिवशी काडीने एका कुंडीतली माती उकरून त्याने बी बाहेर काढलं, पाहिलं, परत पुरलं. मग शेजारच्या कुंडीतलं. असं करता करता टोमॅटोची आणि वांग्याची नावं लिहिलेल्या काड्या कुठून काढल्या ते विसरला आणि अंदाजाने खोचून टाकल्या. बायकोच्या लक्षात आलं. ती म्हणाली, पोटातलं मूलही असंच बघायला निघाला असतात तुम्ही. तो हसला, पण हात थांबेना.

सातव्या दिवशी कोंब वर आले. वाकलेले, हिरव्या सुईच्या नेढ्यासारखे. आता उकरायचं कारण संपलं, तेव्हा त्याने पाण्याचा तांब्या उचलला. कागदाची वरची कड वाळलेली दिसली की त्याला चैन पडेना. कड वाळली की ती मातीतलं पाणी शोषून घेते, असं बायकोनेच सांगितलं होतं. पण ती सकाळी एकदा खोक्यात तळाशी पाणी सोडायची, बस. तो मात्र ती गेल्यावर दहाला घालायचा, बाराला घालायचा, दोनला घालायचा. मध्येच आठवण यायची की दादा गोदामात खिळ्यांची खोकी मोजत बसला असेल, आणि मग तो पुन्हा उठायचा. तांब्या भरायला नळापर्यंत जायचं, परत यायचं, तेवढीच चाल.

कुंड्यांवर पांढरट बुरशी आली. मग एका सकाळी निम्म्याहून जास्त रोपांनी मान टाकली. देठ मातीलगत बारीक होऊन, दोरा तुटावा तशी ती आडवी पडली होती. वर पानं अजून हिरवी.

बायको खोक्यापाशी उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बीच वाईट होतं. त्याचंच ना." आणि दादाच्या अक्षरातली पाकिटं तिने उचलून केराच्या डब्यात टाकली.

भिंगरी दारात उभा होता. पायाशी तांब्या होता, तो त्याने पायानेच हळूच दाराआड सरकवला. ती कामाला गेल्यावर त्याने डब्यातून पाकिटं काढली, झटकली, आणि टेबलाच्या खणात ठेवली. मग पुन्हा काढून डब्यात टाकली. तिसऱ्यांदा काढली ती हातातच राहिली.

त्याच दुपारी दादा आला. बहीण घरी नसते ती वेळ साधूनच आला होता. हातात ट्रेची चवड. दारातच म्हणाला, हे तिला दे, मी आणले म्हणून सांगू नकोस. भिंगरीने आत बोलावलं तेव्हा चपला काढून खुर्चीच्या कडेवर बसला. दोन महिन्यांत तो वाळला होता. दाढी वाढलेली. त्याने भिंगरीचा हात हातात घेऊन दोन्ही बोटं वाकवून पाहिली, सुधारतंय म्हणाला. मग खोक्याकडे लक्ष गेलं. वाकून एक कुंडी उचलली, तिचा तळ लगद्यासारखा त्याच्या हाताला चिकटला.

"पाणी जास्त झालंय," तो म्हणाला. "बाकी काही नाही. माती वाळू द्यायची मध्ये."

भिंगरीने विचारलं, कामावर काय चाललंय. दादाने सांगितलं, की कंपनीने त्याचे कान तपासून घेतले. त्याला वाटलं होतं की वयाने डावा कान कमी झाला असेल, तसं निघालं तर बरंच, निदान कारण तरी सापडेल. पण डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान ठणठणीत आहेत.

"म्हणजे कानाचा दोष नाही," दादा म्हणाला. "डोक्याचाच असणार. मी तुझा आवाज आठवून बघतो. एकदा 'घ्या' ऐकू येतं, एकदा 'थांबा' ऐकू येतं. आता मला खरंच सांगता येत नाही रे."

शुक्रवारी शेवटची चौकशी होती. माझ्याकडून चूक झाली असं लिहून सही करायची आणि नोकरी सोडायची, असं त्याने ठरवलं होतं. पुन्हा कुणाचा जीव आपल्या हातात नको, म्हणाला. बोलता बोलता त्याने बरणी घेऊन चारपाच कुंड्या वळल्या. दोन्ही हातांनी, झरझर, न बघता. त्या ओळीने टेबलावर ठेवल्या आणि बहीण यायच्या आत निघून गेला.

भिंगरी त्या कुंड्यांभोवती फिरत राहिला. मागच्या पट्टीत गेला, परत आला. रस्त्याच्या टोकापर्यंत गेला, दार उघडंच राहिलंय हे आठवून पळत परत आला. पाणी प्यायला ग्लास भरला आणि तसाच ठेवला. बायको आली तेव्हा तो ओसरीच्या पायरीवर उभा होता.

तिला ट्रे दिसले. हातपाय धुऊन ती नव्या पेरणीसाठी कागदाच्या पट्ट्या फाडायला बसली. तो समोर बसला, उठला, पुन्हा बसला.

"बी चांगलं होतं," तो म्हणाला. "पाणी मी घालत होतो. तू गेल्यावर. दिवसातून पाचसहा वेळा."

"मग तेव्हाच सांगायचं की," ती पट्टी फाडत म्हणाली.

"आणि मी थांबा म्हटलं नव्हतं."

"कधी?"

"लिफ्टवर. मी घ्या म्हटलं होतं. दादांनी बरोबर ऐकलं."

कागद अर्ध्यात फाटून थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याच्या हाताकडे पाहिलं. मग विचारलं, "दादाला माहीत आहे?"

"नाही. त्यांना वाटतंय त्यांचं डोकं गेलं."

ती उठली. अंगावरचे कागदाचे तुकडे झटकले, चपला घातल्या आणि दार उघडून उभी राहिली. म्हणाली, "तुमच्या तोंडाने सांगायचं. मी सांगणार नाही."

दादाचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. ती पुढे चालत होती, तो दहा पावलं मागे. आयुष्यात पहिल्यांदा तिला चालीत गाठणं त्याला जमत नव्हतं. दादा जिन्याच्या खालच्या पायरीवर सायकलची साखळी पुसत बसला होता. बहिणीला पाहून उभा राहिला, काही बोलणार तेवढ्यात भिंगरीने सगळं सांगून टाकलं. एका दमात, उलटसुलट.

दादा पुन्हा पायरीवर बसला. "नीट सांग," तो म्हणाला. "आधी काय म्हणालास?"

"घ्या खाली म्हणालो."

"मग?"

"मग काही नाही. हात घातला. बटण दाबलं नव्हतं."

"पुन्हा सांग."

भिंगरीने पुन्हा सांगितलं. दादाने तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि प्रत्येक वेळी तो मान हलवत होता, जणू आकडा जुळतोय का पाहतोय. मग त्याने तेलकट हातांनीच तोंड पुसलं.

"दोन महिने मी घरात गॅस बंद केलाय का ते चार चार वेळा बघतोय," तो म्हणाला. "बायकोने काही सांगितलं की तिला विचारतो, हेच म्हणालीस ना? तू मला तेवढं सांगायचं होतंस."

दादा बहिणीला म्हणाला, तू आत ये. त्याला म्हणाला नाही. दार लागलं. भिंगरी काही वेळ जिन्यापाशी उभा राहिला. त्या दिवशी तो घरी जाताना सावकाश गेला.

शुक्रवारी त्याने चौकशीत खरं ते लिहून दिलं. डाव्या हाताने, म्हणून अर्धा तास लागला. अधिकाऱ्याने मध्येच विचारलं, हे आता का सांगताय. तो म्हणाला, आधी सांगायला हवं होतं. दादाला मशीनरूम परत मिळाली. भिंगरीला लिफ्टच्या छपरावर जायची मनाई झाली, कायमची. बोटांमुळे तसंही ते अवघडच होतं. त्याला तक्रारींच्या टेलिफोनवर बसवलं. खुर्चीत, आठ तास. पहिले काही दिवस त्याला वाटलं, यापेक्षा पुलीत दुसरा हात गेलेला बरा. मग तो वायर ताणून उभ्यानेच फोन घ्यायला शिकला.

घरी बायको त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. डब्यातून काढून ठेवलेली पाकिटं त्याने तिच्यासमोर ठेवली, तिने दादाचंच बी दुसऱ्यांदा पेरलं. अर्धं ट्रेमध्ये, अर्धं कागदाच्या कुंड्यांत, कारण कुंड्या करायचं तो काही थांबवेना. पाण्याला मात्र तिने त्याला हात लावू दिला नाही, आणि त्यानेही तो तांब्या मागितला नाही. यंदा रोपं उशिरा आली, पण जाड देठांची आली. कागदातून पांढरी मुळं बाहेर डोकावायला लागली तेव्हा ती म्हणाली, आता जमिनीत जायला हवीत. कागदासकट लावायची, फक्त वरची कड फाडून टाकायची.

रविवारी दादा आपली निम्मी रोपं न्यायला आला. सगळा वेळ बहिणीशीच बोलला. कुठली मिरची तिखट निघते, वांग्याच्या काड्या कुणी बदलल्या. काड्यांबद्दल बहिणीने नवऱ्याकडे बोट दाखवलं. दादाने तिकडे पाहिलं नाही. निघताना त्याच्या दोन्ही हातांत ट्रे होते, आणि कुंड्यांचं खोकं जमिनीवर राहिलं होतं. भिंगरीने ते उचललं, डाव्या हातावर तोलून, उजवा नुसताच टेकवून. ओला कागद एका बाजूला सरकू लागला.

"उजवा खाली घाल," दादा म्हणाला. "पूर्ण पंजा. तळाला धर."

त्याने पंजा खाली घातला. दोन बोटांना खोक्याचं वजन कळत नव्हतं, बाकीच्या बोटांना कळत होतं. दोघं रस्त्यापर्यंत गेले. दादाने मागून आणलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर खोकं नीट बसेना, तेव्हा दादाने त्याच्या कडेला आपलं जाकीट गुंडाळून खुपसलं, दार लावलं आणि निघून गेला.

भिंगरी परत आला तेव्हा बायको मागच्या पट्टीत खड्डे काढत होती. त्याने विचारलं, किती खोल. ती म्हणाली, बसा आधी, मग सांगते. तो तिच्या शेजारी मातीत बसला.