सातशे पासष्ट

संयोगिताला एका जागी बसवेना. राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात काचेच्या दारापलीकडं तिची लेक पेटीत झोपलेली, सात महिन्यांतच घाई करून जगात आलेली. आणि अलीकडं ही आपली खुर्ची ते खिडकी, खिडकी ते खुर्ची. वजन एक पॉइंट आठ किलो भरलं की पोरीला घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. रोज सकाळी दाराशेजारच्या फळ्यावर आकडा पडेपर्यंत हिच्या घशाखाली चहा उतरत नसे.

काल लिहिलं होतं १.७८. आज जुना काटा बिघडला म्हणून नवा आणलेला, आणि नर्सनं लिहिलं १.७६५.

"आयला! अठ्ठ्याहत्तरचं एकदम सातशे पासष्ट!" तिचा नवरा ऋतुराज ओरडलाच. "आठला कवाच मागं टाकलं की पोरीनं!"

"मग बघत काय हुबा ऱ्हायलायस? पेढं आण जा!" सासूबाईंनी, म्हणजे बायडाबाईंनी, त्याला जिन्याकडं पिटाळलं आणि शिरोळला फोन लावून सगळ्या भावकीला बातमी दिली. आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या पेशंटलाही कळावं.

संयोगिता मात्र फळ्यापुढून हलेना. जुना काटा पॉइंटपुढं दोन आकडे दाखवायचा, नवा तीन दाखवतोय. अठ्ठ्याहत्तरपुढं शून्य धरलं तर काल सतराशे ऐंशी ग्रॅम. आज सतराशे पासष्ट. म्हणजे पोरगी भरली नव्हती, पंधरा ग्रॅम घटली होती! माझंच दूध पुरत नाही, दुसरं काय. सकाळी पंपानं काढलेलं तर वाटीचा तळसुद्धा झाकेना. आईच्या जातीला काळिमा आहे मी, असलं काहीबाही तिच्या मनात येऊ लागलं.

तेवढ्यात पेढे आले. बायडाबाईंनी पहिला तिच्याच तोंडापुढं धरला.

"नको, आत्या!" ती सासूला आत्या म्हणायची. "घटलंय वजन. पंधरा ग्रॅम! कुणाला काही कळतंय का नाही इथं?"

ऋतुराज खोका घेऊन फळ्यावरचा आकडा पुन्हा वाचू लागला.

"हळू बोल. ठाव हाय मला," बायडाबाई म्हणाल्या. "जलम गेला डेरीला दूध घालण्यात. काट्यावरचा आकडा कळंना व्हय मला? पर दोन दिस झालं, तुझ्या पोटात अन्न न्हाय. काळजीनं दूध आटतंय, पोरी. म्हटलं, खुशीत चार घास तरी खाशील."

"मग मला तरी सांगायचं की, आई!"

"तुला? तुला सोंग कुठं जमतंय, बाबा."

एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचा तो मोठा आवाज कुठल्या कुठं गेला. "पर... पंधरा ग्रॅम म्हंजे लई हाय व्हय गं?"

ही बाईसुद्धा सकाळपासून भ्यालेली आहे, हे संयोगिताला आत्ता कळलं.

"तीन चमचे दूध, आत्या," ती म्हणाली. "साधे, चहाचे."

"तीनच?" बायडाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "मग तेवढं भरून काढू की आपण."

संयोगितानं त्यांच्या हातातला पेढा घेऊन तोंडात टाकला आणि पंप उचलून ती आतल्या खोलीत गेली.