लाईट गेली तर काय कराल?

माझं वजन पंधरा किलो आहे आणि आवाज घरातल्या पंख्यापेक्षा मोठा. दिसायला मी पांढरं, चाकांवर उभं केलेलं खोकं. मित्रांनो, मी एक जुनं ऑक्सिजन यंत्र आहे. खोलीतली हवा मी आत ओढतो. माझ्या पोटात पांढरे बारीक दाणे आहेत, ते त्या हवेतला नको असलेला भाग धरून ठेवतात, आणि राहिलेला प्राणवायू मी एका नळीतून माणसाच्या नाकापर्यंत पोहोचवतो. एवढंच मला येतं. पण त्यासाठी वीज लागते. वीज गेली की मी एकदा किंचाळतो आणि गप्प होतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. २०२१च्या उन्हाळ्यात विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एका इमारतीने मिळून मला आणलं. त्या दिवसांत मी या घरातून त्या घरात फिरलो. माणसं माझी वाट बघत दार उघडं ठेवून उभी राहत. साथ ओसरल्यावर सोसायटीच्या बैठकीत मला झेंडूचा हार घातला गेला. मग मला जिन्याखालच्या खोलीत ठेवलं, आणि हार वाळून गळून पडला तरी कोणी आलं नाही. माझ्या जाळीत धूळ बसली. तीन वर्षं गेली.

तिथून मला बाहेर काढलं ते श्रुतिकाने. दुसऱ्या मजल्यावरच्या सहदेवांची ही मुलगी. सहदेव कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. त्यांची फुप्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुपारी आणि झोपताना ऑक्सिजन लावायचा. श्रुतिकाने मला दुरुस्त करून आणलं, पुसलं, वडिलांच्या पलंगाशेजारी उभं केलं.

सहदेव कमी बोलत. नळी लावून खिडकीबाहेर बघत बसत. एका दुपारी ते अचानक म्हणाले, "बाय, मी कोकणातला. पण दरवर्षी एस्टीत बसलो तो थेट लांज्याला गावी उतरलो. समुद्राकाठचा रस्ता कधी बघितलाच नाही. तो एकदा बघायचा होता."

"होता कशाला? बघू ना," श्रुतिका म्हणाली.

तिची आई सुगंधा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय गं, वेड लागलंय? हे एवढं धूड घेऊन कुठे फिरणार? वाटेत काही झालं म्हणजे?"

श्रुतिका डॉक्टरांना विचारून आली. डॉक्टर म्हणाले, "जा खुशाल. गाडीत लहान सिलिंडर ठेवा, दमले की लावा. आणि राहायची जागा निवडताना समुद्र नंतर बघा, आधी वीज बघा."

मग रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर श्रुतिका फोन घेऊन माझ्याशेजारी बसू लागली. श्रीवर्धन, आंजर्ले, गुहागर अशी गावं तिने वहीत लिहिली होती. फोटो सगळीकडे सुंदर होते. झोपाळे, माड, मावळता सूर्य. ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी, "लाईट गेली तर काय कराल?"

"आमच्याकडे जातच नाही, मॅडम."

"या तर खरं, बघू ना आपण."

"जनरेटर आहे, बिनधास्त या," असं श्रीवर्धनजवळच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला. ती जागा तिने पहिल्या मुक्कामाला धरली.

आंजर्ल्याच्या सुलक्षणाकाकूंचं उत्तर मात्र वेगळं होतं. त्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देत. त्या म्हणाल्या, "लाईट जाते हो. खोटं कशाला सांगू? तारेवर माड पडला तर चार-चार तास येत नाही. इन्व्हर्टर आहे, पण तुमचं मशीन ओढतं किती?"

श्रुतिकाने माझ्या पाठीवरची पट्टी वाचली. "साडेतीनशे वॉट."

"मग लगेच हो म्हणत नाही. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "तेवढाच भार होईल इतके दिवे-पंखे लावले, मेन बंद केला आणि घड्याळ घेऊन बसले. तीन तास दहा मिनिटं चाललं. त्याच्यापुढे लागलंच तर शेजारी मंडपवाल्याचा जनरेटर आहे, त्याला सांगून ठेवलंय. आता या."

सुगंधाकाकू हे ऐकत होत्या. त्याच दिवशी त्यांनी कपाटावरची बॅग खाली काढली.

आम्ही पहाटे निघालो. मला मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलं होतं. गाडीत मला पुरेल इतकी वीज नसते, म्हणून मी नुसतं ओझं होतो. सहदेवांना सिलिंडर लावला होता. खाडी दिसली की ते काच खाली करत आणि श्रुतिका गाडी हळू करी.

रिसॉर्टला पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. जागा फोटोसारखीच सुंदर होती. श्रुतिका मॅनेजरला म्हणाली, "बाबांना आत आणण्याआधी एकदा मेन बंद करून दाखवता का?"

"त्याची काय गरज आहे, मॅडम?"

"मला आहे."

त्याने नाइलाजाने बटण दाबलं. खोली अंधारली. कुठेतरी जनरेटर धडधडू लागला, स्वागतकक्षाचे दिवे लागले, पोहण्याच्या तलावाचा पंप सुरू झाला. खोलीतला पंखा फिरलाच नाही.

"खोल्यांना कनेक्शन नाही दिलेलं," तो पुटपुटला. "पण लाईट जाणार नाही आज."

श्रुतिका तडक गाडीकडे गेली. तिने सिलिंडरचा काटा पाहिला. निम्म्याहून जास्त वायू संपला होता; रात्री लाईट गेली असती तर तो पुरला नसता. तिने तिथूनच आंजर्ल्याला फोन लावला. "काकू, उद्याच्या ऐवजी आजच आलो तर?"

"या ना. पण फेरी बोटीची वेळ बघून निघा."

बागमांडल्याच्या धक्क्यावर पोहोचलो तर गाड्या पलीकडे नेणारी बोट नुकतीच सुटली होती. पुढची यायला पाऊण तास. मित्रांनो, तो पाऊण तास मी विसरणार नाही. काटा लाल पट्टीकडे सरकत होता. माझ्यात वायू करायची सगळी ताकद होती, पण पिन खुपसायला भिंतच नव्हती. सुगंधाकाकू नवऱ्याची पाठ चोळत होत्या. श्रुतिकाचे डोळे भरून आले. "मीच हट्ट केला, आई."

सहदेव हळू आवाजात म्हणाले, "हट्ट माझा. तू जागा सोडलीस ते बरं केलंस. तिथे मला झोप लागली नसती."

बोट आली. खाडी ओलांडली, वेसवी लागलं, मग वळणांचा रस्ता. उजवीकडे समुद्र उघडा पडला होता, पण गाडीत त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. आंजर्ल्याला सुलक्षणाकाकू फाटकातच उभ्या होत्या. "बोलणं नंतर. आधी मशीन आत घ्या," म्हणत त्यांनी एका बाजूने मला स्वतः उचललं. पलंगाशेजारी नवा, घट्ट सॉकेट होता. माझी पिन बसली, मी गुरगुरलो, वायू ओलसर करणाऱ्या माझ्या बाटलीतलं पाणी बुडबुडू लागलं आणि नळी सहदेवांच्या नाकाला लागली. थोड्या वेळाने त्यांच्या ओठांवरचा निळसरपणा गेला.

सगळ्यांना चहा दिला आणि तेवढ्यात लाईट गेली.

कोणी कप खाली ठेवला नाही की तोंडाला लावला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी क्षणभर अडखळलो, आणि पुन्हा चालू लागलो. सुगंधाकाकू पदराने तोंड झाकून रडू लागल्या. रडता रडता त्यांना हसूही येत होतं.

सुलक्षणाकाकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सव्वापाच. सव्वाआठपर्यंत काळजी नाही. चहा घ्या, निवतोय."

दीड तासाने लाईट आली. तोवर सहदेव उशीला टेकून दारातून समुद्र बघत होते.

आम्ही तिथे चार दिवस राहिलो. निघताना सुगंधाकाकूंनी वही श्रुतिकाच्या हातातून घेतली आणि पुढच्या मुक्कामाच्या, गुहागरच्या खोल्यांच्या मालकाला स्वतः फोन लावला. "आमच्याकडे मशीन आहे. साडेतीनशे वॉट. आधी लावून बघा, मग हो म्हणा."

गुहागर करून आता आम्ही विक्रोळीला परत आलो आहोत. दर रविवारी सहदेव माझी जाळी नळाखाली धुऊन सावलीत वाळवतात.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा इमारतीत माझ्यासारखं एखादं यंत्र पडून असेल तर ते पुसून, तपासून तयार ठेवा. सहलीची जागा निवडताना तुमच्यासोबत आजी-आजोबा असतील तर फोटोंवर थांबू नका. त्यांना जे लागतं ते स्पष्ट विचारा, आणि जो माणूस उत्तर द्यायला एक दिवस मागून घेईल त्याच्याकडे निर्धास्त उतरा. त्यांना घरी मात्र ठेवू नका.